धर्मशाळेची पाटी



आमच्या विंचूरला 'तीन पाटी' म्हणून एक ठिकाण आहे. एक रस्ता येवल्याकडून येतो, एक निफाडवरून नाशिकला जातो, एक लासलगावकडे वळतो. कांद्याच्या गाड्या, एस.टी. आणि माणसे यांची तिथे बाराही महिने दाटी. पौष महिन्यात त्या दाटीत भगव्या पताका दिसू लागतात. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा. तिच्यासाठी वैजापूर-येवला भागातल्या दिंड्या याच रस्त्याने पायी जातात. दिंडी गावात शिरली की चोपदाराचा पहिला प्रश्न एकच असतो, "मुक्काम कुठे?" जेवणाचा प्रश्न त्याच्या मागून येतो. दिवसभर चाललेल्या माणसाला आधी पाठ टेकायला जागा हवी.

माझा गळा आता साथ देत नाही, म्हणून कीर्तन सुटले. पण दिंडी मुक्कामाला आली की हरिपाठाला जाऊन बसतो. गेल्या पौषात हरिपाठ आटोपल्यावर एक तरुण विणेकरी जवळ येऊन बसला. पायाला हात लावला आणि म्हणाला, "बाबा, पूर्वी काही माणसांना धर्मशाळेत निजू देत नसत म्हणे. तसा कायदा होता का हो?" मी त्याला थोडेफार सांगितले. पहाटे दिंडीला निघायचे होते, गोष्ट अर्धी राहिली. उरलेली इथे लिहितो.

यात्रेकरूने निजावे कुठे, हा प्रश्न यात्रेइतकाच जुना आहे. देवळाचा सभामंडप, मठाची ओसरी, नदीचे वाळवंट, झाडाखालचा पार, ही आपली पहिली धर्मशाळा. मग राजेरजवाड्यांनी आणि सावकारांनी बांधलेल्या इमारती आल्या. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या, हे कीर्तनात आपण नेहमी सांगतो. आमचे विंचूरही सरदारी गाव. विठ्ठल शिवदेव विंचूरकर हे पेशवाईतले नावाजलेले सरदार, पानिपतच्या मोहिमेत होते. सरदारी गावात येणाराजाणारा फार. कोणाला वाड्याच्या आत उतरवायचे, कोणाला देवळात, कोणाला वेशीबाहेर, याचा विचार अशा गावांत बोलून होत नसे. तो आधीच ठरलेला असे.

क्षेत्राच्या ठिकाणी आणखी एक सोय होती, तीर्थोपाध्यायांचे घर. नाशिक-त्र्यंबकला आजही आपल्या गावाचे, कुळाचे उपाध्ये असतात आणि त्यांच्या वहीत आपल्या आज्या-पणज्यांची नावे सापडतात. पंढरीत बडवे, उत्पात आणि इतर सेवाधाऱ्यांच्या घरी यजमान उतरत. फडांचे आणि महाराज मंडळींचे मठ होते. हे सारे ओळखीवर चाले. घरवाल्याने नाव विचारायचे, गाव विचारायचे, मग माडी दाखवायची.

सरकारचा हात या व्यवहारात पडला तो देवामुळे नव्हे, पटकीमुळे. यात्रा भरली की पटकी, आणि यात्रेकरू घरी परतले की गावोगाव पटकी, असे त्या काळी वारंवार होई. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल शहरी अनेक देशांच्या वैद्यांची परिषद भरली होती. पटकी पसरवणाऱ्या कारणांत तीर्थयात्रा हे फार मोठे कारण आहे, असे तिथे ठरले. हज आणि आपल्याकडच्या यात्रा दोन्हींकडे बोट होते. मग इकडच्या सरकारवर दडपण आले.

पुढच्याच वर्षी, १८६७ ला, सराई कायदा झाला. मला तो वाचायला मिळाला तेव्हा हसू आले आणि कौतुकही वाटले. सराई चालवणाऱ्याने जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे नाव नोंदवावे. खोल्या, पडव्या, गटारे, विहिरी स्वच्छ ठेवाव्या. पुरेसे रखवालदार नेमावे. भाड्याचा तक्ता लावावा. सराईत कोणी साथीच्या रोगाने आजारी पडला किंवा मेला तर ताबडतोब पोलीस ठाण्यात कळवावे. आणि एक कलम असे, की सराईला लागून असलेल्या ज्या झाडाच्या फांदीवरून चोराला आत उतरता किंवा बाहेर पळता येईल, ती फांदी तोडून टाकावी! कायदा लिहिणाऱ्याने एखाद्या सराईत रात्र काढली असावी, आणि सकाळी उठून आपली वळकटी शोधली असावी, असे मला वाटते. भिंतीलगतच्या चिंचेवरून चोर उतरल्याच्या गोष्टी आमच्या आजोबांच्या तोंडीही होत्या.

पुढे १८७१ साली जगन्नाथपुरीसाठी निराळा कायदा झाला. पुरीत पंडे मंडळी यात्रेकरूंना आपापल्या घरांत कोंबून ठेवत. आषाढातली रथयात्रा, उकाडा, पाऊस आणि एका खोलीत निजायलाही जागा नाही इतकी माणसे. त्या कायद्याने यात्रेकरू ठेवणाऱ्या घरांना परवाना लागू लागला. घर पाहून त्यात किती माणसे ठेवायची तो आकडा ठरू लागला. परवान्याच्या पैशातून यात्रेकरूंच्या औषधपाण्याची सोय व्हावी, अशी योजना होती. घर कोणाचे आहे, मालक किती मोठा आहे, हे परवाना पाहत नसे. लांबीरुंदी पाहत असे.

आपल्या पंढरीत १८५५ साली नगरपालिका आली. तिच्यासमोर पहिल्यापासून यात्रेचाच प्रश्न. गाव लहान, आणि आषाढी-कार्तिकीला त्याच गावात लाखांनी माणूस. पाणी चंद्रभागेचे. स्नानही तिथे, धुणेही तिथे आणि पिणेही तिथेच. यात्रेकरूंवर कर बसला. आपल्या लोकांनी त्याला पुष्कळ नावे ठेवली. देवाच्या दारी यायला पैसा कशाला, हे ऐकायला बरे वाटते. पण वाळवंट सकाळी झाडणाऱ्या हातांना मजुरी कोण देणार, हेही कोणी सांगायला हवे होते. १८९६ ला प्लेग आला, १८९७ ला साथरोगांचा कायदा झाला, यात्रा अडवण्याचा आणि माणसे तपासण्याचा अधिकार सरकारला मिळाला. तोच कायदा २०२० साली पुन्हा बाहेर आला आणि माउलींच्या पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या, हे आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपूरला बार्शी लाइटची गाडी सुरू झाली तशी गर्दी आणखी वाढली. माझ्या लहानपणी वारीला निघायचे म्हणजे आधी पटकीची सुई टोचून घ्यावी लागे. दंड सुजे, ताप येई. आमची आजी म्हणायची, "पांडुरंगाच्या आधी डॉक्टर भेटतो." पण टोचून घ्यायची.

हे सगळे नियम मी मुद्दाम सांगितले. त्यांत माणसे मोजली, विहिरी पाहिल्या, फांद्या तोडल्या. मात्र धर्मशाळेचा सर्वांत जुना आणि सर्वांत कडक नियम त्यांपैकी कोणत्याच कागदावर नव्हता. तो पाटीवरही नव्हता. पाटीवर असे: मुक्काम तीन दिवस, चुली बाहेर मांडाव्या, जागा झाडून द्यावी. कोणी आत यायचे नाही हे लिहावे लागत नसे, कारण ज्याने यायचे नाही तो पाटी वाचण्याइतका जवळ येतच नसे.

त्या तरुण विणेकऱ्याच्या प्रश्नाचे सरळ उत्तर एवढेच. बाहेर ठेवण्यासाठी इंग्रजाने वेगळा कायदा केला नव्हता. कायदा करावा लागला तो आत घेण्यासाठी.

पंढरीत बहुतेक जातीजमातींच्या आपापल्या धर्मशाळा झाल्या. आपल्या माणसाची सोय आपण करावी, यात वाईट काय, असे कोणी म्हणेल. वाईट एवढेच, की ज्यांच्याकडे धर्मशाळा बांधायला पैसा नव्हता त्यांना वाळवंटाखेरीज जागा उरली नाही. आषाढात वाळवंट म्हणजे काय, हे वारकऱ्याला सांगायला नको. वरून पाऊस, खालून नदी चढत येते. आणि ही आपल्याला नवी गोष्ट नव्हती. चोखोबाराय देवळात जाऊ शकत नव्हते. चंद्रभागेच्या पैलतीरी राहून तिथे त्यांनी दीपमाळ उभी केली, असे परंपरा सांगते. मंगळवेढ्याला गावकूस बांधताना ते अंगावर कोसळून त्यांचा देह पडला, आणि नामदेवरायांनी अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी दिली. ही कथा आपण कीर्तनात रंगवून सांगतो, श्रोते डोळे पुसतात. मीही चाळीस वर्षे सांगितली. ऐकून उठलेले श्रोते रात्री कुठे निजतात आणि कोणाला शेजारी निजू देतात, तिकडे मात्र मी पुष्कळ वर्षे पाहिले नाही.

जागा न मिळण्याचे दुःख कसे असते याची एक खरी हकीकत सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत गेले. हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळणार नाही हे ठाऊक होते, म्हणून ते पारशांच्या मुक्कामगृहात गेले. तिथला माणूस म्हणाला, ही जागा पारशांसाठीच, वहीत नाव लिहावे लागते. तेव्हा त्यांनी पारशी नाव लिहिले. दिवसाला दीड रुपया ठरला. मोठ्या ओसाड माडीवर हा एकटा माणूस, सोबतीला पुस्तके. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे जिना चढून आली आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाली. ओळखीच्या कोणी घरी घेतले नाही. बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या वहीचा उपयोग पाहा. सराईतली नोंदवही चोर सापडावा, रोगी कळावा म्हणून सुरू झाली. इथे तिचा उपयोग माणूस बाहेर काढायला झाला.

आता कायद्याकडे येतो. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. महाडच्या चवदार तळ्यामुळे हा ठराव सर्वांना माहीत आहे, म्हणून लोकांना वाटते की तो पाण्याचा ठराव. तो नीट वाचावा. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य वर्गाला मोकळ्या कराव्या, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखानेही, असे त्यात होते. पाणवठ्याच्या जोडीला धर्मशाळा घातली होती. बोले यांना ते बरोबर कळले होते. तहान दिवसा लागते, पण परक्या गावात रात्र पडली की माणसाला छप्पर लागते. सप्टेंबरात सरकारने हुकूम काढला. हुकूम निघाला, कुलपे तशीच राहिली. म्हणून १९२६ साली बोले यांना पुन्हा ठराव आणावा लागला, की जी नगरपालिका ऐकत नाही तिचे अनुदान बंद करा. आणि मार्च १९२७ ला महाड घडले.

आमच्या नाशिक जिल्ह्यात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षे चालला. दार उघडले नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले, की मी हिंदू म्हणून जन्मलो तो माझ्या हातात नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही. येवले आमच्यापासून किती लांब? नाशिककडून येवल्याला जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव आहे. एका रामाच्या देवळाची कडी पाच वर्षांत निघाली नाही आणि केवढा समाज आपल्या दारातून निघून गेला, याचा हिशेब आपल्या सांप्रदायाने कधी मांडल्याचे मी ऐकले नाही. मी तरी कीर्तनात मांडला नाही.

पण आपल्याच घरातला एक माणूस असा होता ज्याने ठरावाची वाट पाहिली नाही. गाडगेबाबा. हातात खराटा, डोक्यावर गाडग्याचे खापर. त्यांनी पंढरीत १९२० च्या सुमारास चोखामेळा धर्मशाळा बांधली. कोणासाठी ते नावातच आले. लोकांकडून पैसा मागून मोठी इमारत उभी केली, आणि स्वतः तिच्यात बिऱ्हाड केले नाही. पुढे नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणीही त्यांच्या धर्मशाळा झाल्या. चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बाबा शाळेत शिकलेले नव्हते, पण कोणाच्या हाती दिल्यावर त्या छपराचे काय होईल, हे त्यांना नीट कळत होते. चोखोबांच्या समाधीवर निरूपण करणारे आम्ही पुष्कळ. चोखोबांच्या लेकरांना निजायला जागा करणारे एक गाडगेबाबा.

दुसरी गोष्ट सानेगुरुजींची. १ मे ते १० मे १९४७ गुरुजींनी विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून पंढरीत उपोषण केले. उपोषणाला बसायलाही छप्पर लागते. ते दिले तनपुरे महाराजांच्या मठाने. वारकऱ्यांच्या मठाने दिले, हे मी मोठ्याने सांगतो, कारण आपल्या बाजूला सांगण्यासारखे जे आहे तेही सांगितले पाहिजे.

त्याच सुमारास मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा आणि सामाजिक निर्बंध काढण्याचा कायदा केला. राज्यघटनेने अस्पृश्यताच नाहीशी केली. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना ही नावे घालून सांगितले, की तिथे कोणाला अडवले तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सराई कायद्याने फांदी तोडायला लावली होती. या कायद्याने उंबऱ्याचे नाव घेतले.

आता माझे स्वतःचे. त्या तरुणाला मी हे सांगितले नव्हते.

मी बारा-तेरा वर्षांचा असेन, म्हणजे १९५५ चा कायदा होऊन बरीच वर्षे झाली होती. वडिलांबरोबर दिंडीत होतो. गावाचे नाव सांगत नाही. संध्याकाळपासून पावसाने झोडपले होते. धर्मशाळेत पोहोचलो तेव्हा कारभारी कंदील घेऊन दारात उभा होता. एकेकाचे नाव, गाव, आडनाव विचारून आत सोडत होता. आमचे विणेकरी वयस्क होते. त्यांनी आडनाव सांगितले. कारभाऱ्याने कंदील जरा वर धरला, चेहरा पाहिला आणि म्हणाला, "तुमची सोय ओट्यावर." दुसरे काही बोलला नाही. ओट्याला पत्रा होता, पण पाऊस तिरपा होता. वडील पुढे झाले, काहीतरी बोलू पाहिले, मग मागे वळून आम्हाला म्हणाले, "एका रात्रीचा प्रश्न आहे." त्याच संध्याकाळी त्यांनी वाटेत वैष्णवांत भेदाभेद नाही यावर तासभर निरूपण केले होते.

मी आत गेलो. कोरडी जागा मिळाली म्हणून मला आनंद झाला, हेही लिहितो. रात्री लघवीला उठलो तेव्हा ओट्यावर पाहिले. म्हातारे बसून होते. घोंगडी त्यांनी वीणेवर घातली होती आणि आपण भिजत होते. मला पाहून म्हणाले, "जा बाळा, नीज. तार ओली झाली तर उद्या लागत नाही." मी जाऊन निजलो.

पहाटे काकड्याला वीणा त्यांच्याच गळ्यात होती. तीच वीणा, तोच कारभारी त्यांच्या पाया पडला. वीणेच्या पाया पडला असे त्याला वाटले असेल. वडिलांनी पुढे तीस वर्षे कीर्तन केले, फार रसाळ केले, पण त्या रात्रीचा विषय आमच्या घरात निघाला नाही. ते विणेकरी दोन वर्षांनी वारीला यायचे थांबले. आजारी होते म्हणतात. मी विचारायला गेलो नाही.

गेल्या पौषात माझ्याशी बोललेल्या तरुणाचे आडनाव मी विचारले नाही. त्याच्या हातात वीणा होती, आणि तो आमच्याकडे शाळेच्या खोलीत सर्वांच्या मध्ये निजला होता, एवढे मी रात्री बॅटरी घेऊन जाऊन पाहून आलो.

आमच्या गावात दिंड्यांच्या मुक्कामाची यादी आता पोरे करतात. शाळेत मावली नाहीत ती माणसे घरोघर वाटून द्यावी लागतात. कोणाकडे पाच, कोणाकडे दहा. वही माझ्या ओसरीवर बसून भरतात, कारण इथे उजेड चांगला आहे. वहीत त्यांनी रकाने आखले होते: नाव, आडनाव, गाव, मोबाइल, कोणाच्या घरी. गेल्या वेळी एका घरून निरोप आला, की आमच्याकडे कोण कोण पाठवताय ते आधी कळवा, आडनावे सांगा. पोरगा यादी वाचून दाखवायला फोन उचलणार होता. मी वही मागून घेतली आणि आडनावाच्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत रेघ मारली. त्या घरासमोर फक्त आकडा लिहिला: सात. म्हटले, त्यांना एवढेच कळव, आणि सांग की सातही जण दमून आलेले आहेत, पाणी तापवून ठेवा.

त्यांनी तापवून ठेवले होते. तेही जाऊन पाहिले.